आपल्या भागातली दारू आणि वारकऱ्याचा नेम

 

शंभर वर्षांच्या अंकात इतिहास लिहा असं मंडळींनी सांगितलं. दिंडी कोणी काढली, मुक्काम कुठं कुठं पडले, ते दुसरे लिहितील. मी चौथी शिकलेला कास्तकार, मी दारूचा इतिहास लिहितो. हसू नका बापा. आपल्या दिंडीत चालणाऱ्या कितीक जणांच्या घरात माळेच्या आधी बाटली होती, हे ज्याचं त्याले ठाऊक आहे. माजरी म्हणजे रेल्वेचं जंक्शन अन् कोळशाची खदान. एकीकडे पगार, एकीकडे कापसाचा चुकारा. पैसा हातात आला की भट्टीची वाट आपोआप सापडते.

सुरुवात गाडगेबाबांपासून करतो, कारण त्यांचं घरच दारूनं गेलं. बाबांचा जन्म 1876 चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. वडील झिंगराजी दारूपायी खंगून गेले तेव्हा देबू आठ वर्षांचा. आई त्याले घेऊन मामाकडे दापुऱ्याला गेली. तिथं ढोरं राखत, नांगर धरत पोरगा मोठा झाला. पुढे त्याच्या घरी बारसं निघालं. तेव्हा अशा जेवणात मटण अन् दारू लागायचीच. यानं गोडधोड वाढलं. भाऊबंद रागावले, पण यानं ऐकलं नाही. 1905 साली घर सोडलं अन् झाडू हाती घेतला तो 1956 च्या 20 डिसेंबरला देह ठेवेपर्यंत. ज्या गावात कीर्तन त्या गावात दिवसा झाडू, रात्री कीर्तन. अन् कीर्तनात दारूवर बोलल्याशिवाय राहत नसत. पण कोणी पाया पडायला आलं की बाबा मागं सरकायचे. पायाला हात लावू देत नसत.

ही पायाची गोष्ट मी मुद्दाम सांगतो, पुढे कामी येईल.

तुकडोजी महाराज आपल्याच भागातले म्हणायला हरकत नाही, चिमूरच्या रानात त्यांनी तप केलं. (बाहेरची माणसं अजून माजरी अन् मोझरी यात घोळ करतात. गुरुकुंज तिकडं, खदान इकडं.) महाराजांनी गावोगाव दोन गोष्टी लावून दिल्या. पहाटे ध्यान, सांजेला सामुदायिक प्रार्थना. पिणाऱ्याचा सांजवेळच घात करते. त्याच वेळेला त्याले चारचौघांत बसवायचं, हे महाराजांनी बरोबर ओळखलं होतं असं मला वाटते.

मग कायदा आला. गडचिरोलीत 1993 ला दारूबंदी झाली. आपल्या जिल्ह्यासाठी 2010 च्या डिसेंबरात हजारो बाया चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेल्या. मी त्याले दिंडीच म्हणतो. 1 एप्रिल 2015 ला चंद्रपुरात बंदी लागली, 2021 ला उठली. बंदीनं बायांना बळ दिलं, हे खरं. बंदीतही चोरून मिळत होती, हेही खरं. ज्याची सुटली ती कशानं सुटली, ते मला कायद्यात सापडलं नाही.

माझं सांगतो. तरुणपणी माळ घातली, अभंग पाठ केले, कीर्तनाला उभा राहू लागलो. आपल्यात सारेच एकमेकांच्या पाया पडतात, लहान-थोर पाहत नाहीत. मी मात्र पडणं विसरलो अन् पाडून घेणं शिकलो. "दारूला मी जिंकलं" असं कीर्तनात ठासून सांगायचो. एका सालच्या चुकाऱ्याला दोस्तांसोबत एक घोट घेतला. माळ खुंटीला गेली. आठ वर्षं खुंटीलाच होती. दीड एकर गेलं, बायकोच्या अंगावर काही राहिलं नाही.

शेवटी दिंडीतल्या म्हाताऱ्या विणेकऱ्याकडे गेलो. म्हटलं, शपथ घेतो, कीर्तन द्या. तो म्हणाला, "कीर्तन राहू दे. पहाटे काकड्याआधी मंदिर झाडत जाय. अन् सोडली म्हणू नको. आज नाही घेतली, एवढंच म्हण." हात इतके थरथरायचे की झाडू धरवत नव्हता. त्यानंच मला डॉक्टरकडं नेलं. जुना पिणारा एकदम थांबला तर झटके येतात, जीवही जाऊ शकते. नुसत्या माळेवर कोणी विसंबू नये.

दोन वर्षं झाडलं. रोज हरिपाठ, टाळ घेऊन शेवटच्या ओळीत. ज्या पोट्ट्यांना मी टाळ शिकवला, त्यांच्या मागं. पहिले लाज वाटे, मग बरं वाटू लागलं. नंतर एका कार्तिकात वढ्याला, वर्धा-पैनगंगेच्या संगमावर, पुन्हा माळ घातली. पुढे समजलं की अमेरिकेत 1935 साली दोन पिणाऱ्यांनी एकमेकांना धरून असंच सुरू केलं होतं. आपल्या हातात काही नाही हे कबूल करायचं, अन् फक्त आजचा दिवस पाळायचा. आमच्या विणेकऱ्याने अमेरिकेचं नाव तरी ऐकलं असेल का!

विणेकरी आता नाहीत. मी कीर्तन करतो, पण झाडू सोडला नाही. मागल्या एकादशीला एक खदानीतला पोरगा हरिपाठाला आला, तोंडाचा वास येत होता. दोघं-तिघं त्याले बाहेर काढायला उठले. मी त्याच्या पाया पडलो, हातात टाळ दिला अन् शेवटच्या ओळीत माझ्या बाजूला बसवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो आला नाही. तिसऱ्या दिवशी आला.