सीक्यू वर्ल्ड वाइड डीएक्स ध्वनिस्पर्धा

सीक्यू वर्ल्ड वाइड डीएक्स स्पर्धा ही हौशी रेडिओचालकांची (हॅम) जागतिक स्पर्धा होय. ती 1948 साली सुरू झाली. तिचा ध्वनी विभाग ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी आणि मोर्स विभाग नोव्हेंबरच्या अखेरीस होतो. आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेनुसार शनिवारी 00:00 वाजता सुरू होणारी ही स्पर्धा 48 तास चालते. भारतात तिचा आरंभ शनिवारी पहाटे साडेपाचला व शेवट सोमवारी पहाटे होतो. नोकरदार भारतीय स्पर्धकाला याची झळ सोमवारी जाणवते.

स्वरूप

दूरदूरच्या अधिकाधिक केंद्रांशी 160, 80, 40, 20, 15 व 10 मीटर या पट्ट्यांवर संपर्क साधणे हे उद्दिष्ट असते. प्रत्येक संपर्कात दोन्ही बाजूंनी संकेतनाम, आवाजाच्या सुस्पष्टतेचा व तीव्रतेचा अंक आणि विभाग क्रमांक सांगावा लागतो. जगाचे 40 विभाग पाडले असून भारताची मुख्य भूमी, लक्षद्वीप, श्रीलंका, नेपाळ, भूतान, बांगलादेश व मालदीव 22 व्या विभागात मोडतात. अंदमान-निकोबार मात्र 26 व्या विभागात आहे. म्हणून भारतीय चालक ‘फाइव्ह नाइन, टू टू’ एवढेच म्हणतो. आवाज कितीही क्षीण असला तरी अहवाल ‘59’ देण्याची रूढी आहे. तो औपचारिकच समजावा.

गुणगणना

अन्य खंडातील केंद्राला 3 गुण, आपल्याच खंडातील दुसऱ्या देशाला 1 गुण मिळतो (उत्तर अमेरिकेतील देशांना परस्परांत 2). स्वदेशातील केंद्राला शून्य गुण असले, तरी त्याचा देश व विभाग गुणक म्हणून धरला जातो. प्रत्येक पट्ट्यावरील निरनिराळे देश व विभाग यांची बेरीज म्हणजे गुणक. एकूण गुणांना त्याने गुणले की अंतिम गुणसंख्या निघते.

समजा, एखाद्या भारतीय केंद्राने युरोपातील 100, आशियातील अन्य देशांतील 40 व भारतातील 10 संपर्क केले. गुण 340 होतात. गुणक 60 असल्यास गुणसंख्या 20,400. यानंतर युरोपातील आधीच मिळालेल्या देशाचे आणखी एक केंद्र 180 ची भर घालते, तर त्याच खंडातील नवा देश 523 ची. जपानी केंद्रे विपुल असली तरी भारतीयाला त्यांपासून एकच गुण मिळतो, म्हणून युरोपचा मार्ग खुला असताना तिकडे वेळ घालवणे तोट्याचे ठरते.

मर्यादित साधनांचे केंद्र

उच्च शक्ती गटात 1500 वॅटपर्यंत, अल्पशक्ती गटात 100 वॅटपर्यंत आणि क्यूआरपी गटात 5 वॅटपर्यंत शक्ती वापरता येते. स्वतःच्या परवान्यातील मर्यादा अर्थातच त्याआधी पाळावी लागते. 100 आणि 1500 वॅट यांत सुमारे 12 डेसिबेलचे, म्हणजे संकेतमापकावर दोनच एककांचे अंतर आहे. खरी तफावत अँटेनाची असते. उंच मनोऱ्यावरील फिरती यागी अँटेना सारी शक्ती एका दिशेला वळवते. गच्चीवर उलट्या ‘व्ही’च्या आकारात ताणलेल्या तारेच्या डायपोलला ते साधत नाही. 20 मीटर पट्ट्यासाठी ही तार सुमारे 10 मीटर, 40 मीटरसाठी सुमारे 20 मीटर लागते. 80 व 160 मीटरसाठी शहरी गच्ची बहुधा अपुरी पडते. त्यात शेजारचे एलईडी दिवे, चार्जर व इन्व्हर्टर यांची खरखर क्षीण आवाज गिळून टाकते. पाठवण्यापेक्षा ऐकणे अवघड, ही लहान केंद्राची मुख्य अडचण आहे.

अशा केंद्राने एका जागी बसून हाका मारण्यात फारसा अर्थ नसतो. पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाळून, हाका देणाऱ्या मोठ्या केंद्रांना उत्तर देणे फलदायी ठरते. गर्दी असल्यास वारंवारता नोंदवून पुढे जावे व नंतर परतावे. शनिवारी ज्या केंद्रावर झुंबड असते तेच रविवारी दुपारी नव्या संकेतनामासाठी आसुसलेले असते. संकेतनाम एकदाच, पूर्ण व ‘अल्फा, ब्राव्हो’ या आंतरराष्ट्रीय वर्णमालेतच सांगावे. भारतीय केंद्रे तुलनेने थोडी असल्याने ‘व्हिक्टर युनिफॉर्म’ हे शब्द कानी पडताच पलीकडचा चालक इतरांना थांबवतो, असाही अनुभव येतो. 22 वा विभाग हा त्यालाही गुणकच असतो.

दिवसा 10 व 15 मीटर, सायंकाळी युरोपसाठी 20 मीटर व रात्री 40 मीटर असा क्रम भारतातून सामान्यतः उपयोगी पडतो. 10 मीटर पट्टा सुमारे 11 वर्षांच्या सौरचक्रावर अवलंबून असतो. सौरडाग भरात असताना अल्पशक्तीवरही तो जगभर पोचवतो, मंदीच्या वर्षांत तासन्‌तास मुका राहतो. सलग जागणे शक्य नसणाऱ्यांसाठी ‘क्लासिक’ हा 24 तासांचा उपगट आहे.

नोंदवही व तपासणी

नोंदी कॅब्रिलो या स्वरूपात, स्पर्धा संपल्यापासून पाच दिवसांत पाठवाव्या लागतात. त्या परस्परांशी संगणकाने ताडल्या जातात. चुकीचे संकेतनाम लिहिल्यास तो संपर्क बाद होतो, शिवाय दंडही बसतो. त्यामुळे दीडशे संपर्कांच्या वहीत घाईने लिहिलेली चार-पाच संकेतनामेही क्रम खाली आणू शकतात. संशय असेल तेथे पुन्हा विचारून घेणे चालकाच्या हिताचे असते. अल्पशक्ती गटात नाव नोंदवून अधिक शक्ती वापरणे हा नियमभंग आहे.