विंडोचं माप कोणी लक्षात ठेवायचं?

परवा घरी गेलो तेव्हा बाबा कॉम्प्युटरसमोर बसून काहीतरी पुटपुटत होते. त्यांचा घरखर्चाचा एक छोटा प्रोग्राम आहे. तो उघडला की विंडो येते पोस्टकार्डाएवढी. बाबा कोपरा धरून ती ओढतात, अर्धा स्क्रीन व्यापेल एवढी करतात आणि उरलेल्या अर्ध्यात बँकेचं स्टेटमेंट ठेवतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा पोस्टकार्ड!

"अरे, रोज सांगतो मी याला. एवढं साधं लक्षात राहत नाही?"

मी हसलो खरा, पण प्रश्न बिनतोड होता. लक्षात ठेवायचं कोणी? प्रोग्रामने, ऑपरेटिंग सिस्टिमने की बाबांनी? गंमत म्हणजे विंडो आल्या तेव्हापासून हा वाद चालू आहे आणि प्रत्येक सिस्टिमने त्याचं वेगळं उत्तर दिलंय.

एकमेकींवर चढणाऱ्या विंडो १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात तयार झाल्या, आल्टो नावाच्या मशीनवर. पण त्याच झेरॉक्सने १९८१ मध्ये 'स्टार' बाजारात आणला, तेव्हा विंडो एकमेकींवर न चढवता शेजारी-शेजारी बसवल्या. कारण? चाचण्यांमध्ये दिसलं होतं की लोकांचा बराच वेळ विंडो सरकवण्यातच जातो, आणि तोही त्या एकमेकींवर येऊ नयेत म्हणून. म्हणजे बाबांची तक्रार तेव्हाही होतीच म्हणायची.

१९८४ च्या मॅकिंटॉशचा स्क्रीन होता फक्त ५१२ × ३४२ ठिपक्यांचा. तिथे फाइंडरचा नियम साधा होता: फोल्डरची विंडो जिथे आणि जेवढी ठेवून बंद कराल, तिथेच आणि तेवढीच उघडेल. टेबलावर ठेवलेली वही सकाळी जागच्या जागी सापडावी तसं. पण ही सोय फोल्डरपुरती. बाकीच्या प्रोग्रामांनी आपापलं बघायचं.

मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर १९८५ मध्ये विंडोज १.० आणलं, त्यात प्रोग्रामच्या विंडो फरशांसारख्या शेजारी-शेजारी मांडलेल्या. डिसेंबर १९८७ च्या २.० मध्ये त्या एकमेकींवर येऊ लागल्या, आणि मार्च १९८८ मध्ये ॲपलने कोर्टात खेचलं. वादाच्या मुद्द्यांमध्ये एकावर एक येणाऱ्या विंडोही होत्या. १९९४ मध्ये अपिलातही ॲपल हरलं.

पण मला सगळ्यात आवडतं ते एक्स विंडो सिस्टिमचं उत्तर. ही १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झाली, युनिक्सवाल्यांना माहीत असेलच. तिथे प्रोग्राम चालू करतानाच 'जॉमेट्री' सांगता येते: ८०x२४+०+०. म्हणजे ८० अक्षरं रुंद, २४ ओळी उंच, डावीकडून शून्य, वरून शून्य. (हे ८० आलं कुठून? आयबीएमच्या १९२८ च्या पंच कार्डावर ८० रकाने होते. टर्मिनलने ते उचललं आणि आपण अजून वापरतोय!)

खरी मजा पुढे आहे. एक्समध्ये प्रोग्राम विंडो मॅनेजरला नुसतं माप कळवत नाही, ते कोणाचं आहे हेही कळवतो. 'युझरने सांगितलंय' यासाठी एक खूण, 'मी आपलं ठरवलंय' यासाठी दुसरी. युझरचं असेल तर मॅनेजरने निमूट ऐकायचं. प्रोग्रामचं असेल तर पटलं तर घ्यायचं, नाहीतर आपली अक्कल चालवायची. एका बिटमध्ये सगळा वाद मिटवला की नाही?

विंडोजमध्ये असंच काहीतरी आहे, पण अर्धवट. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रन' नावाचा पर्याय असतो. तिथे 'मॅक्सिमाइज्ड' निवडलं की प्रोग्रामची पहिली विंडो दाखवताना सिस्टिम तुमचं ऐकू शकते, प्रोग्रामचं नाही. पण पर्याय तीनच: नॉर्मल, मिनिमाइज्ड, मॅक्सिमाइज्ड. 'अर्धी' नाही! नेमकं माप लक्षात ठेवायचं काम प्रोग्राम लिहिणाऱ्यावर. तो विसरला, की बाबा पुटपुटतात.

आणि नाही विसरला तरी गोंधळ घालतोच. पहिल्या नोकरीत मी हे काम मोठ्या उत्साहाने केलं होतं. प्रोग्राम बंद होताना विंडोची जागा लिहून ठेवायची, उघडताना वाचायची. आठवड्यात एकाची तक्रार आली: "प्रोग्राम उघडतच नाही." टास्कबारवर दिसतोय, स्क्रीनवर पत्ता नाही. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की त्याने विंडो मिनिमाइज असतानाच प्रोग्राम बंद केला होता. मिनिमाइज केलेली विंडो विंडोज स्क्रीनबाहेर नेऊन ठेवतं, उणे ३२,००० वर. मी इमानेइतबारे तेच लिहून ठेवलं होतं! 'मिनिमाइज नसताना विंडो कुठे होती' हे सांगणारं फंक्शन विंडोजमध्ये आहे, हे मला तेव्हा कुठे ठाऊक. (तुमची विंडो अशी हरवली तर: ऑल्ट-स्पेस, एम, एकदा बाणाची कळ, मग माउस हलवा. येते परत.)

लिनक्सच्या जगात एक्सची जागा घेणाऱ्या वेलँडने (सुरुवात २००८) तर प्रोग्रामचा जागेवरचा हक्कच काढून घेतला. डेस्कटॉपवरच्या साध्या विंडोला आपण स्क्रीनवर कुठे आहोत हे कळत नाही आणि जागा मागताही येत नाही. ते सिस्टिम ठरवणार. सुरक्षेच्या दृष्टीने ठीक, पण लक्षात ठेवायची जबाबदारी पुन्हा दुसऱ्याच्या गळ्यात.

असो. बाबांना मॅक्सिमाइज करून दिलं तर म्हणाले, "मग स्टेटमेंट कुठे ठेवू?" शेवटी ऑटोहॉटकीमध्ये चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली: हा प्रोग्राम उघडला की विंडो डावीकडे, अर्धा स्क्रीन. रविवारी सकाळी त्यांनी प्रोग्राम उघडला आणि काही न बोलता दुधाचा हिशेब लिहायला लागले.

तुम्ही प्रोग्राम लिहीत असाल तर एवढंच करा. बंद होताना माप लिहून ठेवा. उघडताना ते आजच्या स्क्रीनवर मावतंय का बघा, कारण कालचा दुसरा मॉनिटर आज ऑफिसातच राहिलेला असू शकतो. आणि युझरने ओढून केलेलं माप तुमच्या डिफॉल्टपेक्षा मोठं माना. त्याने ते एकदा सांगितलंय. रोज का सांगावं?