त्रिप्रश्न आणि दुर्बिणीची संगणकचलित बैठक : पालघर व बोईसर-तारापूर परिसराच्या निमित्ताने

१

दुर्बिणीच्या बैठकीस मोटार व संगणक जोडले गेल्यापासून आकाशनिरीक्षकाचे एक जुने काम यंत्राकडे गेले. ताऱ्याचे नाव निवडले की नळीने आपोआप त्या दिशेस वळावे आणि पुढे पृथ्वीच्या परिवलनाची भरपाई करीत तारा दृष्टिक्षेत्रात धरून ठेवावा, अशी ही योजना आहे. ती पुष्कळदा फसते. पालघरच्या एखाद्या गच्चीवर किंवा चिंचणी-तारापूरच्या किनाऱ्यावर मांडलेली दुर्बीण गुरूकडे वळावयाची, ती त्याच्या पूर्वेस रिकाम्या आकाशात जाऊन थांबते. आणि यंत्र बिघडले असा निष्कर्ष तत्काळ काढला जातो. इतिहासाच्या अंगाने विचार केल्यास मात्र असे दिसते की, हा दोष बहुधा यंत्रात नसून यंत्रास दिलेल्या उत्तरांत असतो. आणि ती उत्तरे ज्या प्रश्नांची आहेत, ते प्रश्न भारतीय ज्योतिषास तेराशे वर्षांहून अधिक काळ परिचित आहेत.

२

सिद्धान्तग्रंथांत ग्रहांची मध्यम व स्पष्ट स्थिती सांगून झाल्यावर 'त्रिप्रश्नाधिकार' नावाचे प्रकरण येते. सूर्यसिद्धान्तात ते आहे, ब्रह्मगुप्ताच्या इ. स. ६२८ मधील ब्राह्मस्फुटसिद्धान्तातही आहे. दिक्, देश आणि काल हे ते तीन प्रश्न होत. ग्रह राशिचक्रात कोठे आहे हे गणिताने कळले, तरी तो या ठिकाणाहून, या क्षणी, कोणत्या दिशेस दिसेल हे सांगण्यास या तिहींची उत्तरे लागतात. संगणकचलित बैठकीचा हातातील नियंत्रक सुरुवातीस नेमके हेच विचारतो. अक्षांश-रेखांश हा देशप्रश्न, तारीख-वेळ हा कालप्रश्न, आणि एका किंवा दोन ताऱ्यांवर नळी रोखून जुळणी करावयास सांगणे हा दिक्प्रश्न. ग्रहगणित त्याच्या स्मृतीत आधीच साठवलेले असते. त्रिप्रश्न मात्र त्यास माणसाकडूनच सोडवून घ्यावे लागतात.

३

तिन्ही प्रश्नांत कालप्रश्न सर्वांत फसवा आहे. 'किती वाजले?' हा मराठी प्रश्नच मुळी ठोक्यांचा आहे. ठोके समाज देतो, आकाश देत नाही. पालघरचे रेखांश सुमारे ७२°४६′ पूर्व, तर भारतीय प्रमाणवेळेचे ८२°३०′. हा पावणेदहा अंशांचा फरक वेळेत मांडला तर ३९ मिनिटे, म्हणजे एक घटी व साडेसदतीस पळे होतो. पालघरच्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा तेथील मध्यम सूर्य मध्याह्नाहून तितका मागे असतो.

हा फरक मुंबई इलाख्यात केवळ शास्त्रीय राहिला नव्हता. मुंबईचा स्थानिक काळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होता आणि पालघरचा त्याच्याशी अर्ध्या मिनिटाच्या आत जुळतो. रेल्वे मात्र सुमारे अर्धा तास पुढे असलेल्या मद्रासच्या वेळेवर चालत. १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी मद्रास वेळ सरकारी कारभारास लागू केली. विरोध इतका झाला की १८८३ मध्ये ती मागे घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबई महानगरपालिकेने आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. अशा रीतीने एकाच लोकव्यवहारात दोन घड्याळे चालू शकतात, हा अनुभव या किनाऱ्यास नवा नाही.

नियंत्रकापुढे हाच गोंधळ नव्या वेषात येतो. प्रमाणवेळ ग्रीनिचपेक्षा साडेपाच तास पुढे आहे. तेथे सहा तास निवडले तर नळी साडेसात अंश पूर्वेस जाते, पाच निवडले तर तितकीच पश्चिमेस. 'उन्हाळी वेळ' चालू राहिली, तर पूर्वेकडील चूक पंधरा अंशांची होते. भारतात घड्याळे अशी एक तास पुढे होती ती १९४२ ते १९४५ या युद्धकाळात. आज या प्रश्नाचे येथील उत्तर नकारार्थीच आहे. तारखेच्या क्रमाचा दोष याहून मोठा. अमेरिकी रीतीने महिना आधी मागणाऱ्या नियंत्रकास ५ जून ही तारीख आपल्या रीतीने दिली, की तो ६ मे समजतो. नाक्षत्र काळ रोज सुमारे चार मिनिटांनी सरकत असल्याने तीस दिवसांत चूक तीस अंशांच्या घरात जाते. येथे बिघाड दातेरी चाकांचा नसून वाक्यरचनेचा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

४

देशप्रश्न त्यामानाने सुकर आहे. जुन्या पंचांगकर्त्याने पालघरचे स्थान पलभेने सांगितले असते. विषुवदिनी मध्याह्नी बारा अंगुळांच्या शंकूची छाया तेथे सुमारे ४ अंगुळे १८ व्यंगुळे पडते, म्हणजेच अक्षांश सुमारे १९°४२′. उज्जयिनीच्या रेषेपासून देशान्तर तीन अंशांचे, अर्थात तीस पळांचे. नियंत्रकाच्या यादीत पालघर नसल्यास मुंबई निवडली जाते. त्यात रेखांशाची चूक नगण्य असते, परंतु अक्षांशात सुमारे पाऊण अंश, म्हणजे चंद्रबिंबाच्या दीडपट फरक पडतो. दोन ताऱ्यांवर जुळणी केल्यास तो बहुतांशी सामावून जातो. एकाच ताऱ्यावर भागविल्यास नाही. पूर्व रेखांशाऐवजी पश्चिम निवडणे मात्र अक्षम्य होय.

दिक्प्रश्नाचे जुने उत्तर शंकूभोवती वर्तुळ काढून सकाळ-दुपारच्या छायाग्रांवरून पूर्वापर रेषा साधणे हे होते. चुंबकसूचीपेक्षा ते अधिक विश्वसनीय, कारण लोखंडी कठडा किंवा मोटार जवळ असता सूची भरकटते. विषुववृत्तीय बैठकीचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखावा लागतो. या परिसरात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम वीस अंश वर असतो आणि किनाऱ्याची दमट हवा व औद्योगिक वसाहतीचे दिवे यांमुळे अनेकदा फिका पडतो. शिवाय तोही प्रत्यक्ष ध्रुवबिंदूपासून सुमारे दोन-तृतीयांश अंश दूर आहे. जुळणीचा तारा ओळखण्यातील चूक याहून घातक ठरते. चित्रा म्हणून स्वातीवर नळी रोखली, तर पुढील सारे आकाशच सरकते.

५

तिन्ही उत्तरे बरोबर असूनही दोष राहिला, तरच यंत्राकडे वळावे. पुण्यात कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेत १८८८ पासून डब्लिनच्या ग्रब यांनी घडविलेली मोठी परावर्तक दुर्बीण होती. त्या काळच्या अशा बैठकीतील घड्याळी यंत्रणा फक्त गती राखी. नळी कोठे रोखावयाची हे निरीक्षकच गणित करून ठरवी. त्रिप्रश्न त्याचे स्वतःचे होते, म्हणून यंत्राचा दोष आणि आपला दोष त्यास वेगळे दिसत. संगणकाने ही सीमा पुसट केली.

ती पुन्हा स्पष्ट करण्याचा मार्ग खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत दिसतो. तेथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. प्रत्येक अक्षावर दोन मोटारी परस्परविरुद्ध ताण देतात, त्यामुळे चाकांच्या दातांतील ढिलाई जाणवत नाही. उरलेली चूक ज्ञात रेडिओस्रोतांवर मोजून गणितात समाविष्ट केली जाते. वेधाने फरक मोजून गणितास बीजसंस्कार देण्याची परंपरा येथे अपरिचित नव्हतीच. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ हा आरंभ धरून रचलेल्या ग्रहलाघवामागेही दृक्प्रत्ययाचाच आग्रह होता.

लहान बैठकीतही चुकीचे रूप कारण सांगते. सर्वत्र सारखीच पूर्व-पश्चिम चूक असल्यास काळ किंवा रेखांश तपासावा. आकाशाच्या भागागणिक चूक बदलत असल्यास अक्षाचा कल किंवा बैठकीची समपातळी पाहावी. ठराविक मिनिटांनी तारा मागे-पुढे होत असल्यास वर्मचाकातील आवर्ती दोष समजावा. फक्त दिशा उलटताना विलंब होत असल्यास दातांतील ढिलाई. चुकीस काहीच नियम नसेल, तर क्षीण झालेली बॅटरी किंवा सैल तार हे संभाव्य कारण होय.

६

या क्रमाचा इत्यर्थ स्पष्ट आहे. संगणकाने त्रिप्रश्न नाहीसे केले नाहीत. ते यादीतील निवडीत दडविले. सिद्धान्तकार आपले उत्तर छायेशी ताडून पाहत असे. आजचा निरीक्षक आपण उत्तर दिले हेच विसरतो. पालघर-तारापूरच्या आकाशाखाली दुर्बीण भलतीकडे वळली, तर पेचकस हाती घेण्यापूर्वी दिक्, देश आणि काल यांचा पुन्हा एकवार उच्चार करावा. यंत्र बहुधा ऐकलेल्या शब्दास प्रामाणिक असते. तपासावयाचा असतो तो शब्द.