डोंगराचे चित्र आणि डोंगरातील साक्ष

सातारा व सांगली परिसराचे छायाचित्रण म्हटले की कासचे पठार, ठोसेघरचा धबधबा, अजिंक्यतारा आणि १९२९ साली कृष्णेवर उभा राहिलेला आयर्विन पूल हीच दृश्ये समोर येतात. ती सुंदर आहेत, यात शंका नाही. परंतु आपल्या भूमीचे चित्र एवढ्याने पूर्ण होते काय?

कराडजवळ जखिणवाडीच्या आगाशिव डोंगरात साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत. पायथ्यावरून छायाचित्र घेतले तर हिरव्या उतारावर ती केवळ काळ्या ठिपक्यांसारखी दिसतात. आत मात्र स्तूप आहे, भिक्खूंच्या खोल्या आहेत, निजण्यासाठी कोरलेले ओटे आहेत आणि गोपालपुत्र संघमित्राच्या दानाचा ब्राह्मी लेख आहे. कराडचे 'करहाकट' हे प्राचीन नाव दूरच्या भारहुत स्तूपावरील दानलेखात आढळते. कोकणातील कुडा येथे कराडच्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने लेणे दान दिल्याचीही नोंद आहे. हा केवळ राजांचा नव्हे, तर कष्टाच्या मिळकतीतून दान देणाऱ्या उपासकांचाही इतिहास आहे.

हा इतिहास दगडात असला तरी अक्षय नाही. पाऊस अक्षरे झिजवतो, हौशी हात त्यांवर आपली नावे कोरतात. वाईजवळ लोहारे येथील लेण्यातील स्तूप तर आज महादेव म्हणून पूजला जातो. अशा ठिकाणी वाद घालण्यापूर्वी, आज जे आहे ते जसेच्या तसे टिपणे हे आम्ही पहिले कर्तव्य मानतो. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत भस्मसात झाल्या. त्यांनी घेतलेली लेण्यांची छायाचित्रे मात्र १८६४ सालीच ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती.

शिलालेख समोरच्या प्रखर प्रकाशात टिपल्यास उथळ अक्षरे हरवतात. तिरप्या उन्हात त्यांच्या कडेला सावली धरते व ती वाचता येतात. आधी संपूर्ण लेणे, मग लेख टिपावा. शेजारी मोजपट्टी ठेवावी. अक्षरांत खडू वा चुना कदापि भरू नये. स्थळ व दिनांक लिहिल्याखेरीज छायाचित्र अभ्यासकाच्या उपयोगी पडत नाही.

जी स्थळे रमणीय नाहीत, तीही टिपली पाहिजेत. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बालक भिमरावांचे नाव ज्या शाळेत दाखल झाले, ती साताऱ्याची शाळा आपण आदराने पाहतो. परंतु १९०१ साली वडिलांना भेटण्यास गोरेगावी निघालेल्या त्याच बालकाला जेथे अस्पृश्यतेचा दाह सोसावा लागला, ते मसूरचे रेल्वे स्थानक किती जणांच्या संग्रहात आहे?

डोंगराचे सौंदर्य पुढील वर्षीही फुलेल. झिजलेले अक्षर पुन्हा उमटणार नाही. म्हणून आपल्या गावाकडे पाहताना आपण आधी त्या अक्षराकडे वळावे, एवढेच आमचे सांगणे आहे.