पेशींतल्या चुका आणि वार्धक्य

जन्मतः मिळालेला डीएनए मरेपर्यंत जसाच्या तसा राहतो, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. पेशीविभाजनाच्या वेळी डीएनएची नक्कल करताना चुका होतात, ऊन आणि तंबाखू त्याला इजा करतात, काही मोडतोड तर पेशीतल्या पाण्यानेच होते. बहुतेक बिघाड पेशी स्वतःच दुरुस्त करते. ही दुरुस्ती कशी चालते हे उलगडणाऱ्या टॉमस लिंडाल यांच्यासह तिघांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. दुरुस्तीतून निसटलेले बदल, म्हणजे उत्परिवर्तने, वर्षानुवर्षे साठत जातात.

म्हातारपण या साठ्यामुळेच येते का? भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी १९५९ मध्ये या दिशेने एक सिद्धान्त मांडला होता, पण एकेका पेशीतली उत्परिवर्तने मोजण्याची सोय तेव्हा नव्हती. २०२२ मध्ये ब्रिटनच्या वेलकम सँगर इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी १६ जातींच्या सस्तन प्राण्यांच्या आतड्यांतील पेशी तपासल्या. उंदराच्या पेशीत वर्षाला सुमारे ८०० उत्परिवर्तने होतात, माणसाच्या पेशीत सुमारे ४७. आणि आयुष्याच्या अखेरीस दोघांची बेरीज जवळपास सारखीच भरते! इतका बोलका पुरावा या क्षेत्रात क्वचितच मिळतो. तरीही तेवढ्याने कारण सिद्ध होत नाही. डीएनएची नक्कल करणाऱ्या विकरात आनुवंशिक दोष असलेल्या काही कुटुंबांत उत्परिवर्तने कितीतरी जास्त साठतात. त्यांना कर्करोग लवकर गाठतो. अकाली वार्धक्य मात्र ठळकपणे दिसत नाही.

म्हणूनच एकूण संख्येपेक्षा बदल कोणत्या जनुकात झाला, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. अस्थिमज्जेतल्या एखाद्या मूळपेशीच्या टेट-२ जनुकात बिघाड होतो, ती शेजारणींना मागे टाकून वाढते, आणि रक्तात तिचाच वंश फोफावतो. सत्तरीपुढच्या दहांपैकी निदान एकाच्या रक्तात असा एखादा वाढलेला वंश सापडतो. त्या व्यक्तीला काहीच जाणवत नाही. त्यातून रक्ताच्या कर्करोगाचा धोका वाढणे अपेक्षित होते. हृदयविकाराचाही धोका वाढतो, हे कळले तेव्हा मात्र या विषयाची व्याप्तीच बदलली. या बदललेल्या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतीत दाह वाढवतात, हे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे.

वार्धक्यात उत्परिवर्तनांचा वाटा नेमका किती, हा प्रश्न अजून खुला आहे. जीवशास्त्राच्या जोडीने संख्याशास्त्र शिकण्याची तयारी असलेल्या विद्यार्थ्यांनी इकडे जरूर वळावे.