नांदेड व लातूर : दोन नगरांची जडणघडण

महोत्सवाच्या मंगलप्रसंगीं आपल्या धर्मग्रामाबरोबर आपल्या नगरांचेंही स्मरण करणें उचित होय. नांदेड व लातूर हीं मुंबईप्रमाणें इंग्रजांच्या व्यापारानें जन्मास आलेलीं शहरें नव्हेत. राष्ट्रकूट राजे स्वतःस लट्टलूर पुराचे स्वामी म्हणवीत. तें लट्टलूर म्हणजेच लातूर, असें विद्वान मानतात. नांदेडास गोदातीरीं १७०८ सालीं गुरु गोविंदसिंग निजधामास गेले, आणि पुढें १८३२ ते १८३७ या काळांत पंजाबच्या महाराजा रणजितसिंगांनीं तेथें गुरुद्वारा उभारविला.

तथापि या प्राचीन गांवांस आजचें नागर रूप कसें आलें, हें पाहूं गेल्यास परकीय सत्तेचा विचार करावाच लागतो. १७९८ च्या तैनाती फौजेच्या तहानें निजाम इंग्रजांचा अंकित झाला. येथें इंग्रज कलेक्टर आला नाहीं. आगगाडी मात्र आली. गोदावरी खोऱ्यांतील मीटर मापाच्या लोहमार्गानें १९०० च्या सुमारास नांदेड मनमाडास जोडलें गेलें. लंडनांत स्थापन झालेल्या बार्शी लाइट रेल्वेची अवघी अडीच फुटी रूळवाट १९११ सालीं लातुरास पोहोंचली. मनमाड व कुर्डुवाडी येथें रुळांचें माप बदले. म्हणून माल एका डब्यांतून उतरवून दुसऱ्यांत भरावा लागे. आमच्या काळ्या मातीचा कापूस अशा वाटेनें मुंबईकडे जाई. त्या महानगराच्या वैभवांत आमच्या शेतकऱ्यांचाही घाम मुरला आहे, हें विसरतां येत नाहीं.

परंतु रेल्वेनें बाजार दिला, विद्या दिली नाहीं. संस्थानाची राजभाषा उर्दू. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमही तेंच. यांत उर्दूचा दोष नव्हे. तिचे कितीएक शब्द आमच्या बोलींत घरचे झाले आहेत. पण जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्या मुलास उच्च शिक्षणाचें दार मायबोलींतून उघडत नसे. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थान मुक्त झालें, आणि १९५० सालीं स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानें नांदेडास पीपल्स कॉलेज निघालें. १९९४ सालीं स्वामीजींच्याच नांवाचें विद्यापीठ नांदेडास स्थापन झालें. लातूरचीं महाविद्यालयेंही त्याच्या कक्षेंत आलीं.

रूळ परक्यांनीं आपल्या व्यापारासाठीं टाकले. त्यांवरूनच पुढें आमचीं मुलें शिकावयास गेलीं. नगर कोणीं घडविलें, यापेक्षां त्यांत राहणाऱ्यांनीं त्याचें काय केलें, हाच प्रश्न आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. आणि त्याचें उत्तर पुढील पिढ्या आपणांस विचारणार आहेत.