शाळेची खानावळ झाली, असं म्हणणाऱ्यांना

शिक्षणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : शाळांच्या खानावळी झाल्यात. म्हणणारी माणसं शिकलेली असतात, कळकळीनं बोलत असतात. त्यात माझे कितीतरी सहकारीही आहेत. शाळेनं शिकवावं, पोटाचं आईबापांनी बघावं. खिचडीपायी शिक्षकाचा वेळ जातो आणि पाचवीतल्या मुलाला वाचता येत नाही. आम्ही काय खिचडी खाऊन शिकलो का? हा पूर्वपक्ष मी अनेक वर्षं ऐकला. जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाले त्या पहिल्या वर्षी मलाही तो पटला होता. आज तो मला साफ चुकीचा वाटतो.

आधी ‘आमच्या वेळी’ या मुद्द्याचं बघू. आमच्या वेळी म्हणजे कोणाच्या वेळी? पुण्यात शिकायला आलेली गरीब मुलं वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कोणी माधुकरी मागत. विद्यार्थ्याच्या पोटाची सोय तेव्हाही घराबाहेर, समाजच करत होता. फक्त ती कोणाला मिळायची हे जात ठरवत होती. ज्यांना कुठल्याच घरी वार मिळणार नव्हता, त्यांच्यासाठी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं काढायला सुरुवात केली. साताऱ्यात भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगमधल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे त्यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर. तिथे बालवाडीत मुलांना आंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं हा शिक्षणाचाच भाग होता. मराठी मुलखातलं शिक्षण गरिबांच्या दारापर्यंत पोचलं ते चुलीला सोबत घेऊनच.

याहून जुना दाखला हवा असेल तर छांदोग्य उपनिषदात आहे. उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस उपाशी राहायला सांगतो. पाणी मात्र हवं तेवढं पी म्हणतो. सोळाव्या दिवशी त्याला वेद म्हणायला लावतो. बारा वर्षं गुरुगृही राहून आलेल्या त्या हुशार मुलाला एक ओळ आठवत नाही. बाप म्हणतो, जा, जेवून ये. जेवून आल्यावर त्याला सगळं आठवतं. मन अन्नाचं बनलेलं आहे, हे उद्दालकानं मुलाला असं शिकवलं. ज्या परंपरेचा हवाला देऊन शाळेत ‘शुद्ध शिक्षण’ मागितलं जातं, तिचाच हा निवाडा आहे.

माझ्या वर्गात तिसरीतली एक मुलगी होती. आईबाप सकाळी सहाला मजुरीला निघायचे. भाकरी थापली जायची ती फक्त संध्याकाळी. हातच्याची वजाबाकी तिला चांगली यायची, पण दुपारच्या सुट्टीनंतर. सकाळच्या तासाला ती हातचा घ्यायची आणि शेजारच्या घरातून कमी करायला विसरायची. मी रागवायचे. सहा महिने मी तिला निष्काळजी समजत होते. मग एका सोमवारी तिनं सांगितलं, “बाई, काल शाळा नव्हती ना.” त्या वाक्याचा अर्थ माझ्या डोक्यात उतरायला घरी जाईपर्यंतचा वेळ लागला. पुढच्या सोमवारपासून मी गणिताचा तास जेवणानंतर ठेवला.

एका मुलीवरून सिद्धांत मांडू नये हे मला कळतं. मोठा पुरावाही आहे. शाळेतल्या जेवणाची योजना १५ ऑगस्ट १९९५ला सुरू झाली तेव्हा आपल्याकडे महिन्याला तीन किलो कोरडा तांदूळ मिळायचा. तो घरच्या डब्यात जायचा आणि सगळ्या घरात वाटला जायचा. २८ नोव्हेंबर २००१ला सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलंच अन्न द्या असा आदेश दिला. राज्यांनी तो वेगवेगळ्या वर्षी अमलात आणला, म्हणून तुलना करता आली. तनिका चक्रवर्ती आणि राजश्री जयरामन यांनी २०१९ मध्ये ती प्रसिद्ध केली. पाच वर्षांपर्यंत शाळेत जेवलेल्या मुलांचे वाचनाचे गुण, वर्षभराहून कमी काळ जेवलेल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त होते, गणिताचे ९ टक्क्यांनी. म्हणजे खिचडीमुळे वाचता येत नाही, हे विधान उलटं आहे. २०२१ मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं की शाळेत जेवलेल्या मुली पुढे आई झाल्या तेव्हा त्यांच्या मुलांची वाढही चांगली होती.

आणि पोटाचं आईबापांनी बघावं म्हणताना एक आकडा विसरू नये. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आढळली. तीच मुलं सहाव्या वर्षी पहिलीत येऊन बसतात. आईबाप बघत नाहीत असं नाही. त्यांच्या मजुरीत बसत नाही. पहिली ते पाचवीला दिवसाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० आणि २०, एवढंच शाळा देते.

बिहारमध्ये गंडामनला १६ जुलै २०१३ रोजी शाळेचं जेवण जेवून २३ मुलं गेली. त्या जेवणात कीटकनाशक सापडलं. हा दाखला मला नेहमी दिला जातो, आणि तो ऐकताना आजही पोटात तुटतं. पण त्यातून निघतं ते हे की कोठीला कुलूप हवं, मुलांच्या आधी मोठ्यांनी चव घ्यायला हवी. जेवणच बंद करा, असं त्यातून निघत नाही.

पूर्वपक्षातलं एक म्हणणं मात्र खरं आहे आणि ते मी मान्य करते. शिक्षक पिचला आहे. रोज किती ताटं वाढली याची ऑनलाइन माहिती, धान्याचा साठा, चव नोंदवही, तेलामिठाच्या पावत्या. दोन शिक्षकी शाळेत यात एका वर्गाचा तास जातोच. पण शिकवण्यात अडथळा येईल असं काम शिक्षकाला देऊ नये, त्यानं अन्नाचा दर्जा आणि मुलं एकत्र बसून जेवतात का एवढं बघावं, हे २००६च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतच लिहिलं आहे. वेळ खाते ती वही, खिचडी नव्हे. वहीसाठी शाळांच्या समूह केंद्रावर एक माणूस नेमा. शिक्षकाची तब्येत सुधारायला तेवढंही पुष्कळ आहे. ताणमुक्तीच्या व्याख्यानाला रविवारी बोलावून ती सुधारत नाही.

चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईचा या वादात कोणी विषयच काढत नाही. आमच्या मावशी वाढताना प्रत्येक वेळी पळी तळापर्यंत नेऊन वर आणायच्या. डाळ खाली बसते. वरवरची वाढली तर पहिल्या पोरांना नुसता भात आणि शेवटच्यांना सगळी डाळ. मुलांना हे माहीत होतं, काही मुद्दाम रांगेत मागे राहायची. शंभर मुलांना सारखी डाळ मिळावी म्हणून शंभर वेळा पळी तळाला. सिलिंडर संपला की लाकडावर, धुरात. १२ ग्रॅम प्रथिनं कागदावरून ताटात येतात ती त्या मनगटातून. २००९ मध्ये केंद्रानं या कामाचं मानधन महिना १,००० रुपये ठरवलं, तेही वर्षाचे दहाच महिने. महाराष्ट्रानं स्वतःची भर घालून ते २,५०० केलं. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर दिवसाला १०० रुपये. शाळेच्या आरोग्याबद्दल बोलताना या बाईचं आरोग्य कोणी हिशेबात धरतं का?

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तुम्ही पालक असाल तर पुढच्या बैठकीला जा. स्वयंपाक करणाऱ्या मावशींचं मानधन कोणत्या महिन्यापर्यंतचं जमा झालंय, हे आधी विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.